मागे कोण चालणार

गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आमच्या डोंगर फिरणाऱ्या गटाची बैठक झाली. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या बर्फाच्या डोंगरांवर जुलैमध्ये कोणी जायचे, ती सहा नावे या बैठकीत वाचून दाखवण्यात आली. या सहलीचा सगळा आराखडा माझ्या मोठ्या बहिणीने, उज्ज्वलाताईने, केला होता. सहा नावांत तिचे नाव नव्हते.

आता जुलै संपत आला आहे. नाशिकरोडच्या आमच्या घरात दोऱ्या बांधून कपडे आतच वाळत घातले आहेत आणि ते वाळत नाहीत. तिकडे, पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात, हिवाळा ऐन भरात आहे. म्हणजे या एका वर्षात हिवाळा दोनदा आला. पहिला आपला, ज्यात दुसऱ्याची तयारी चालली होती. मला राहून राहून आठवतो तो पहिला. त्याचा वास आठवतो, उजेड आठवतो, आणि प्रत्येक आठवणीच्या शेवटी राग येतो.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. डिसेंबर लागला की आमच्याकडे रोज एकच प्रश्न असतो: निफाडचा पारा किती? तो आकडा पहिल्या पानावर जातो, सोबत द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो जातो. धूर जमिनीलगत पसरलेला, वेलींच्या रांगा त्यातून अर्ध्याच वर आलेल्या. आपली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि ती बाटली सकाळी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवावी लागते. नऊ वाजेपर्यंत तेल वितळते. दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. आमच्या मनात हिवाळा म्हणजे एवढेच असते, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच सुरू झाल्या.

त्या दिवसांत आमचे जेवणाचे टेबल जेवायला मोकळे नव्हते. एका अंगाला ताईच्या शाळेतल्या मुलांचे भूगोलाचे पेपर, दुसऱ्या अंगाला छापून चिकटवलेला व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगरांचा मोठा नकाशा, आणि मधे मटारच्या शेंगा. ताई शेंगा सोलता सोलता बोलायची. हॅरिएटव्हिल नावाचे छोटे गाव, तिथून डोंगराची एक सोंड वर चढत जाते, झाडी संपते तिथे एक झोपडी, झोपडीपाशी तंबू, दुसऱ्या दिवशी फेदरटॉप नावाचे शिखर, आणि मग रेझरबॅक नावाच्या लांबलचक धारेवरून पलीकडे. तिथल्या एका मार्गदर्शक संस्थेतल्या वाटाड्याशी तिचा ईमेल चालू होता. ती प्रश्न विचारायची, तो उत्तर द्यायचा, ती आणखी प्रश्न विचारायची.

"हे बघ," एकदा ती म्हणाली. "तो लिहितो, इथे उणे तापमानाने माणूस फारसा दगावत नाही. शून्याच्या आसपास पाऊस पडतो, वरून वारा येतो, कपडे भिजतात. त्याने दगावतो."

"मग?"

"मग आपल्या डिसेंबरशी त्याचा काही संबंध नाही. त्यांचा जुलै हा आपल्या जुलैसारखा आहे. कळसूबाईवर पावसात वारा लागतो ना, तसा. फक्त आणखी गार."

नकाशावर एक मटार घरंगळत गेला आणि धारेच्या पूर्वेला थांबला. तिने तो उचलला नाही. "इथे पाय टाकायचा नाही," ती म्हणाली. "पश्चिमेचा वारा बर्फ ढकलत आणतो, आणि या बाजूला छज्जा तयार होतो. वरून जमीन वाटते. खाली काही नसतं."

लहानपणी पौर्णिमेला वडील आम्हा दोघींना त्रिरश्मी लेण्यांवर न्यायचे. ते नोटांच्या प्रेसमध्ये कामगार होते, सुट्टीचा दिवस फार कमी मिळायचा, म्हणून पायऱ्या भराभर चढायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. मी मधे दमून बसायचे. वडील वर पोचलेले असायचे, वंदना सुरू झालेली असायची, आणि ताई माझ्या मागच्या पायरीवर उभी असायची. ती पुढे गेल्याचे मला आठवत नाही. वर शेवटी पोचायचो ते आम्ही दोघी.

गटातही ती तेच करत आली. आमच्या गटात डोंगर चढताना एक माणूस पुढे असतो, त्याला लीड म्हणतात. एक सगळ्यात मागे असतो, तो बॅकलीड. नियम साधा आहे: बॅकलीडच्या मागे कोणी राहायचे नाही. कोणी दमला, पाय मुरगळला, चक्कर आली, की बॅकलीड त्याच्यासोबत थांबतो. औषधांची पिशवी त्याच्याकडे. शिखरावर बाकीचे पोचून, झेंडा धरून, फोटो काढून, डबे उघडून बसतात. बॅकलीड तेव्हा खाली कुठेतरी कोणाला तरी लिंबूपाणी पाजत असतो. लीड बदलत राहायचा. पुढे चालायला सगळ्यांनाच आवडते. बॅकलीड मात्र वर्षानुवर्षे ताईच. "ताई आहेत ना मागे" हे वाक्य प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी एकदा तरी कोणी म्हणायचे आणि त्यावर चर्चा संपायची.

उतरल्यावर मिसळ हा आमच्याकडचा ठरलेला प्रकार. पहिले येतील ते बसतात, गरम रस्सा, पापड, वर जिलेबी. ताई आणि तिच्याबरोबरचे जे कोणी असेल ते येईपर्यंत जिलेबी संपलेली, तर्री तळाला गेलेली. "ताई, तुमच्यासाठी पाव ठेवलेत बरं का," असे हसत सांगणारे कोणी ना कोणी असायचेच. ती हसायची. मी तेव्हा हसत नव्हते, पण गप्प बसून दही मागवायचे.

गटाचे प्रमुख मकरंद सर. ते शिक्षक नाहीत, सातपूरच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स करून आल्यापासून सगळे त्यांना सर म्हणतात. ताई निम्मे आयुष्य शाळेत शिकवते आहे. तिला गटात कोणी मॅडम म्हणत नाही, ताई म्हणतात. ताई म्हटले की काम सांगायला सोपे जाते, आणि नाही म्हणायलाही.

डिसेंबरातल्या एका पहाटे अंजनेरीवर सराव ठेवला होता. सरांचे म्हणणे असे की हिवाळ्यातल्या सहलीचा सराव हिवाळ्यात. गवत पिवळे पडलेले, आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ, वाऱ्याचा पत्ता नाही. पठारावर सरांनी सगळ्यांना गोल बसवून तंबूची जागा कशी निवडायची ते सांगितले.

"दक्षिणेकडच्या उतारावर," सर म्हणाले. "दिवसभर ऊन. उत्तर बाजूला बर्फ कडक राहतो. हिमालयात हा पहिला धडा."

"तिकडे उलटं आहे सर," ताई म्हणाली. "तिकडे सूर्य उत्तरेकडून येतो. दक्षिणेचा उतार दिवसभर सावलीत."

नीलेश नावाचा एक तिशीतला मुलगा गटात आहे. औषधांच्या कंपनीत विक्रीचे काम करतो, बोलका आहे. तो म्हणाला, "काय ताई, सूर्यपण उलटा लटकवता का आता?"

सगळे हसले. सर म्हणाले, "ताई, तो शाळेतला भूगोल. डोंगरात वेगळं असतं."

ताईने बाटलीतले पाणी प्यायले. तेव्हा मला वाटले, तिला लागले नाही. हा माझा अंदाज चुकीचा होता.

नीलेशबद्दल एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे, कारण पुढे कोणी ती नोंदवली नाही. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही हरिहरला गेलो होतो. हरिहरच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, उभ्या, हात घालायला खोबणी आहेत. नीलेश पहिल्या फळीत वर गेला, बुरुजाजवळ हात पसरून फोटो काढला. उतरताना खाली बघितले आणि तो थिजला. हात सुटेना, पाय उचलेना. माकडे येऊन बघून गेली. ताई बाजूच्या खोबणींना धरत त्याच्या खाली उतरली, आणि एकेक करून त्याचे पाऊल हातात धरून पायरीत ठेवत त्याला खाली आणले. तो रडत होता. खाली आल्यावर त्याने चहा घेतला. त्याचा वरचा फोटो आहे. पायऱ्यांवरचा कोणी काढला नाही, आणि काढू नयेच.

त्या जानेवारीतल्या बैठकीत सरांनी चष्मा लावून नावे वाचली. नीलेशचे तिसरे होते.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका हं," सर म्हणाले. "तिकडे प्रत्येकाच्या अनुभवाचा पुरावा द्यावा लागेल. शिखरावरचे फोटो वगैरे. तुमचे शोधले आम्ही. वरचा एकही सापडला नाही."

"मी बॅकलीड असते," ताई म्हणाली. "वरचा फोटो कसा असेल?"

"तेच ना. आम्हाला माहितीये. पण त्यांना कसं पटवणार?"

मी विचारले, "फोटो त्यांनी मागितलेत? त्यांचे सगळे ईमेल ताईला येतात. मी वाचलेत. फोटो हा शब्द त्यात नाही."

"आल्या, पत्रकार आल्या," सर हसून म्हणाले.

"कोणी ठरवलं मग?"

"सगळ्यांनी मिळून."

"सगळे म्हणजे ताई धरून?"

तेवढ्यात सरांच्या पत्नीने चहा आणला, तिळाची वडी आणली. वडीवर चारोळी होती. सगळ्यांनी वडी कशी झाली यावर दोन-दोन वाक्ये बोलून घेतली. मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का ताई, तुमची काळजी वाटते. वय बघा, गुडघे बघा. उद्या तिकडे काही झालं तर तुमच्या घरच्यांना आम्ही काय तोंड दाखवणार?"

"घरची मी आहे," मी म्हणाले. "मला दाखवा."

नीलेश मोबाइलमध्ये बघत होता. मग त्यानेच वातावरण हलके करायचे ठरवले. "ताई, तुमच्यासाठी कांगारूचं कीचेन आणतो. दोन आणतो."

हशा झाला. ताईने कप खाली ठेवला. "आराखडा अजून पुरा नाही," ती म्हणाली. "धुकं उतरलं तर कुठून परत फिरायचं, त्या जागा ठरायच्यात. झालं की पाठवते."

येताना स्कूटर ती चालवत होती. थंडी वाऱ्याने कानात शिरत होती, रस्त्याकडेला ठिकठिकाणी टायर जाळून लोक हात शेकत होते. द्वारका चौकातल्या सिग्नलला ती मागे न बघता म्हणाली, "मफलर नीट बांध."

रागाचे काय होते ते मी त्या थंडीत जवळून पाहिले. तिने भांडीकुंडी आपटली नाहीत. फोन करून कोणाला सुनावले नाही. शाळेतून यायची, कपडे बदलायची आणि नकाशापाशी बसायची. प्रत्येक ठिकाणी, इथून पुढे जाण्याची शेवटची वेळ कोणती, वारा कुठल्या बाजूने असेल तर कुठली सोंड धरायची, झोपडी दिसली नाही तर काय, असे ती लिहीत गेली. मी म्हणाले, दे फाडून.

"धारेवर धुकं उतरलं तर सहा माणसं कुठे वळतील?"

"वळू देत कुठे वळायचं तिकडे."

"असं नसतं."

"तुला रागच येत नाही," मी म्हणाले.

तिने पेन्सिल ठेवली. "मला इतका राग आलाय की माझे दात दुखतात. रोज सकाळी उठले की जबडा दुखतो. तुला काय वाटतं, मी तूप खाऊन झोपते?"

फेब्रुवारीत तिच्या दाढेचा तुकडा पडला. दाताच्या डॉक्टरांनी विचारले, झोपेत दात आवळता का? ती म्हणाली, हल्ली.

दाढेवर टोपी बसवून आली त्याच आठवड्यात गटाच्या व्हॉट्सॲपवर सरांचा संदेश आला. "महत्त्वाचे. तंबू उत्तर उतारावर. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून असल्याने दक्षिण उतार सावलीत राहतात. सर्वांनी लक्षात ठेवावे." खाली टाळ्यांच्या खुणांची रांग. नीलेशने लिहिले, "सर, काय अभ्यास!" ताई कोथिंबीर निवडत होती. तिने ते वाचले, मोबाइल पालथा घातला आणि उरलेली जुडी निवडून पूर्ण केली. माझी बातमीदारीची सगळी वर्षे मी अशा गोष्टी बघितल्या आहेत: काम एकाचे, नाव दुसऱ्याचे, आणि चोरी झाल्याची जाणीव तिसऱ्या कोणालाच नाही. पण याआधी कधी समोर कोथिंबिरीची जुडी आणि बहिणीचे हात नव्हते.

सिन्नरच्या शोभावहिनींचा फोन आला तो याच सुमारास. त्यांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे, शेती आहे, वजन जरा जास्त, चालीला सावकाश, हौस दांडगी. कळसूबाईला आम्ही ऐन ऑगस्टमध्ये घोटीवरून गेलो होतो तेव्हा शेवटच्या शिडीखाली त्यांचे पाय थरथरायला लागले. बाकीचे वर गेले. ताई त्यांच्याजवळ थांबली. ढगात, पाऊस आडवा, वारा उभे राहू देईना. वरचे लोक देवीचे दर्शन घेऊन, मंदिराच्या आडोशाला गरम भजी खाऊन उतरेपर्यंत या दोघी त्या कातळाला पाठ लावून उभ्या होत्या. चालणारा माणूस गरम राहतो. उभा राहणारा गारठतो. ताईने आपला कोरडा स्वेटर त्यांना घातला होता.

फोन स्पीकरवर होता.

"उज्जूताई, मला आज कळलं. तुमाला वगळलं म्हणं?"

"हो वहिनी."

"कामून?"

"वरचे फोटो नाहीत."

"आता गं बया! अन् मला काखेत धरून उतरवलं ते काय यांच्या आजीनं? तवा फोटो काढायला कोन व्हतं? मी फोन लावते त्या सरला."

"नको वहिनी."

"नको काय नको. लय गोड बोलतोय तो. मला म्हणला होता, वहिनी तुम्ही जिद्दीच्या. जिद्द माझी नव्हती बाबा, स्वेटर हिचा व्हता."

त्यांनी फोन लावला. काय बोलल्या ते फक्त त्यांच्याकडूनच कळले, दुसऱ्या बाजूने नाही, त्यामुळे ते इथे देत नाही. पण दुसऱ्या दिवशी सरांनी गटावर लिहिले की सहलीबाबत बाहेरच्यांनी गैरसमज पसरवू नयेत. शोभावहिनी चार वर्षे गटात आहेत.

एप्रिल आला. कॉलनीत जयंतीच्या मिरवणुकीची तयारी, ढोलाचा सराव, कमानीला निळे कापड. ऊन चढले. मटारचा मोसम गेला, टेबलावर कैऱ्या आल्या. ताईने पूर्ण आराखडा आणि वाटाड्याशी झालेला पत्रव्यवहार सरांकडे आधीच पाठवला होता आणि नकाशाची गुंडाळी करून कपाटावर टाकली होती. गटाकडून पोचही आली नव्हती.

मेमध्ये सर आणि नीलेश घरी आले. सोबत हापूसची पेटी. उन्हाने दोघांचे चेहरे लाल झाले होते. ताईने माठातले पाणी दिले.

"ताई, तिकडून विचारणा आलीये," सर म्हणाले. "त्यांना एक नाव हवंय. शेवटी चालणाऱ्याचं. वाटाड्या एकच, तो पुढे. मधेच कोणी थांबलं तर त्याच्याबरोबर परत फिरणारा माणूस गटातलाच हवा म्हणतात. त्याशिवाय धारेवर नेणार नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं."

"हो, हो. तर आता सहावा जो होता त्याची रजा नामंजूर झाली. जागा आहे. आम्ही विचार केला, ताईंवर अन्याय नको."

"तुमच्या पाचांपैकी कोणी का नाही?"

सरांनी नीलेशकडे बघितले. नीलेश म्हणाला, "ताई, एवढं लांब जायचं, रजा टाकायची, आणि कोणाला चक्कर आली म्हणून शिखर सोडून खाली यायचं... म्हणजे प्रत्येकाला वाटतंच ना वर जावं."

"मला नाही वाटत?"

"तुमचा हातखंडा आहे त्यात," सर म्हणाले.

"जानेवारीत मला अनुभव नव्हता."

"ताई, तुम्ही ते मनाला लावून घेतलं."

"आणि माझे गुडघे? ते बरे झाले का चार महिन्यांत? वय कमी झालं?"

पंखा फिरत होता. पेटीतल्या गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास खोलीभर झाला होता. नीलेश एकदम म्हणाला, "ताई, खरं सांगू? तुम्ही असलात की टेन्शन नसतं. हरिहरला तुम्ही नसता तर मी अजून तिथेच लटकलेलो असतो."

"हे तू बैठकीत का नाही बोललास?"

"विषय निघाला नाही."

"कीचेनचा निघाला," ताई म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जाईल इतकाच होता. "येते मी," ती म्हणाली. "पण एका अटीवर. शिखराच्या दिवशी चिठ्ठ्या टाकायच्या. सहा नावं. ज्याची निघेल तो मागे. माझी निघाली तर मी राहीन, एक शब्द बोलणार नाही."

"आणि माझी निघाली तर?" सर म्हणाले. "लीडरने मागे राहायचं?"

"हो."

"ताई, तसं नसतं."

"कसं असतं?"

सरांनी रुमालाने मान पुसली. गटात विचारून सांगतो म्हणाले आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर ताई म्हणाली, "पेटी राहिली." नीलेश परत आला, पेटी उचलून घेऊन गेला. जिन्यात त्यांचे बोलणे ऐकू आले. सर म्हणत होते, "फार ताठा आलाय." नीलेश काय म्हणाला ते कळले नाही.

उत्तर आले नाही. नंतर इतरांकडून कळले ते असे: चिठ्ठ्यांना पाचांपैकी एकही जण तयार झाला नाही. शेवटच्या माणसाचे नाव न गेल्यामुळे संस्थेने त्यांना धारेची परवानगी दिली नाही, जवळच्या पर्यटनस्थळी बर्फात चालण्याचा कार्यक्रम देऊ केला. दोघांनी नावे काढून घेतली. सर, नीलेश आणि आणखी एक जण जुलैच्या सुरुवातीला गेले आणि परत आले. बर्फावर घसरगाडीत बसलेले त्यांचे फोटो गटावर आहेत.

त्यांचे पत्रक आमच्या डेस्कवर आले. मथळा त्यांनीच दिला होता: नाशिकच्या गिर्यारोहकांची ऑस्ट्रेलियात हिममोहीम. मी सरांना फोन केला, जसा कोणत्याही बातमीसाठी करते.

"शिखर कुठलं सर केलं?"

"शिखर असं नाही म्हणता येणार. पण अनुभव फार थरारक."

"चढाई किती?"

"रोपवे आहे तिथे. तुम्ही म्हणजे अगदी..."

मी गिर्यारोहक हा शब्द कापून पर्यटक केला, मोहीम कापून सहल केली. बातमी आतल्या पानावर, एका कॉलमात गेली. त्यातली प्रत्येक ओळ खरी आहे.

जूनमध्ये, सर आंब्याची पेटी घेऊन गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, ताईने त्या वाटाड्याला स्वतःच्या नावाने लिहिले. त्यांच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणच्या अनोळखी लोकांचा एक गट जुलैअखेर जाणार होता, त्यात जागा होती. त्यांनी डोंगरातला अनुभव विचारला. तिने लिहिले की ती कित्येक वर्षे गटात शेवटी चालत आली आहे, आणि कुठल्या डोंगरावर कोणासाठी किती खालून परत फिरली ते सांगितले. दोन दिवसांनी जागा पक्की झाल्याचे उत्तर आले. शाळेची रजा मिळाली. कपाटावरचा नकाशा खाली आला. शोभावहिनी सिन्नरहून बसने येऊन बाजरीचे लाडू देऊन गेल्या, आणि विमानतळावर ते काढून घेतात असे मी म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तिथंच उभं राहून खा म्हणावं. त्यांना नको दिऊ."

ताई मागच्या शुक्रवारी मुंबईहून निघाली. मेलबर्नहून बसने डोंगराकडच्या गावी पोचली. काल सकाळी हॅरिएटव्हिलहून तिचा निरोप आला: पाऊस आहे, तापमान शून्याच्या थोडे वर, गटात सात जण, सगळे अनोळखी म्हणून मागे संस्थेचा एक माणूस आहे, निघतोय. वर फोन लागत नाही, त्यामुळे त्यानंतरचे काही कळलेले नाही. निरोपाची शेवटची ओळ होती: मी पुढून दुसरी.